संगणक अभियांत्रिकीच्या चार वर्षांत नेमके काय शिकवतात?

बारावीनंतर एमएचटी-सीईटीचा निकाल लागला, की केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा पसंतीक्रम भरताना महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत संगणक अभियांत्रिकीचे नाव सर्वांत वर जाते. मात्र या चार वर्षांत आपले मूल नेमके काय शिकणार आहे, असे पालकांना विचारले, तर बहुतेकांचे उत्तर 'कोडिंग' या एका शब्दापाशी थांबते, आणि प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तरही फारसे वेगळे नसते. हे उत्तर चुकीचे नाही, पण फार अपुरे आहे. सी, जावा किंवा पायथन यांसारख्या भाषेचे व्याकरण मन लावून अभ्यास करणाऱ्याला काही महिन्यांत येते. त्यासाठी चार वर्षांच्या पदवीची गरज नाही. पदवीचा बहुतेक वेळ जातो तो आपण लिहिलेली ओळ यंत्राच्या आत कुठे जाते, तिचे काय होते, ती किती वेळ घेते आणि ती केव्हा चुकू शकते, हे समजून घेण्यात. हे विषय गुणपत्रिकेवर वेगवेगळ्या नावांनी छापले जातात, प्रत्येकाचा पेपर वेगळा होतो आणि प्रत्येकाचे शिक्षकही वेगळे असतात. त्यामुळे ते एकाच यंत्राचे एकावर एक रचलेले थर आहेत, ही गोष्ट कित्येकांच्या अखेरपर्यंत लक्षात येत नाही. ती लक्षात आली तर अभ्यास बराच सोपा होतो, असे माझे ठाम मत आहे, म्हणून या लेखात विषयांची यादी देण्याऐवजी ते एकमेकांना कुठे जोडलेले आहेत, हे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

आधी थोडी चौकट. पदवी चार वर्षांची, म्हणजे आठ सेमिस्टरची असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली दिलेल्या आदर्श अभ्यासक्रमात संपूर्ण पदवीसाठी १६० श्रेयांक ठरवले होते. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, लोणेरेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि अनेक स्वायत्त महाविद्यालये आपापला तपशील ठरवतात, त्यामुळे एखादा विषय कुठे चौथ्या तर कुठे पाचव्या सेमिस्टरला येतो. गाभा मात्र सगळीकडे जवळपास सारखाच आहे. माहिती तंत्रज्ञान किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स अशा नावांच्या शाखांचेही पहिल्या दोन वर्षांचे विषय संगणक शाखेच्या विषयांशी मोठ्या प्रमाणात जुळतात. म्हणून केवळ शाखेच्या नावातल्या एका शब्दासाठी चांगले महाविद्यालय सोडणे मला योग्य वाटत नाही.

पहिले वर्ष सर्व शाखांना जवळपास समान असते आणि तिथेच पहिली निराशा वाट्याला येते. संगणक शिकायला आलेल्या विद्यार्थ्यापुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, विद्युत अभियांत्रिकीची मूलतत्त्वे, अभियांत्रिकी आलेखन आणि वर्कशॉप येते. प्रोग्रामिंगचा एखादाच विषय असतो. यातला काही भाग संगणकाच्या विद्यार्थ्याला पुढे थेट उपयोगी पडत नाही, हे मान्य करायला हवे. गणिताची गोष्ट मात्र वेगळी आहे. एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, जे मॅट्रिक्स आणि जे आंशिक विकलन केवळ पास होण्यापुरते घोटून टाकले जाते, त्यावरच शेवटच्या वर्षाचे मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याचा विषय, उभे असते. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे आकड्यांच्या जाळ्यातून उत्तर काढणाऱ्या प्रोग्रामला, शिकवणे म्हणजे त्याची चूक मोजायची, आतला प्रत्येक आकडा किंचित बदलला तर ती चूक किती बदलेल हे आंशिक विकलनाने काढायचे आणि चूक कमी होईल त्या दिशेने सगळे आकडे थोडे थोडे सरकवायचे, हीच कृती लाखो वेळा करणे होय. हे पहिल्या वर्षीच कोणी दहा मिनिटे काढून सांगितले, तर एम-वनची वही रद्दीत जाणार नाही.

खरी शाखा सुरू होते ती दुसऱ्या वर्षी, आणि माझ्या मते हे चार वर्षांतले सर्वांत महत्त्वाचे वर्ष आहे. पुण्याच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग आणि मायक्रोप्रोसेसर हे विषय होते. वरवर पाहता यांतला डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स हा विषय चुकून दुसऱ्या शाखेतून आल्यासारखा वाटतो. प्रयोगशाळेत ७४८६ आणि ७४०८ क्रमांकांच्या दोन आयसी, म्हणजे छोट्या चिप, ट्रेनर किटवर बसवून, वायरी जोडून, दोन एलईडी पेटतात की नाही हे पाहायचे असते. पहिल्या आयसीतले गेट, म्हणजे ० आणि १ वर काम करणारे छोटे मंडल, दोन इनपुट वेगवेगळे असतील तरच १ देते आणि दुसऱ्यातले गेट दोन्ही इनपुट १ असतील तरच १ देते. दोन्हींना तीच दोन इनपुट दिली, की पहिला एलईडी बेरजेचा अंक दाखवतो आणि दुसरा हातचा दाखवतो: ० आणि १ दिले तर बेरीज १, हातचा ०, १ आणि १ दिले तर बेरीज ०, हातचा १. एवढ्यात एक अंकाची द्विमान बेरीज झाली. मागून आलेला हातचाही मिळवता येईल अशी त्यात थोडी भर घालून असे ३२ संच ओळीने जोडले, की ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांच्या, दोन संख्यांची बेरीज करणारे मंडल तयार होते. प्रोग्राममधल्या अधिकच्या चिन्हामागे शेवटी हीच जोडणी असते. फरक एवढाच, की ती किटवर दिसते आणि चिपमध्ये दिसत नाही.

या ३२ बिटांना एक मर्यादा आहे. सर्वांत डावीकडचा बिट संख्या ऋण आहे की धन, हे सांगण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे अशा पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ एवढीच असते. जावासारख्या भाषेत तिच्यात १ मिळवला, की हातचा सरकत सरकत त्या डावीकडच्या बिटात जाऊन बसतो आणि उत्तर एकदम ऋण येते. ही गोष्ट डिजिटलच्या पेपरात दोन गुणांसाठी विचारली जाते. तिचे खरे वजन कळते ते शेजारच्या विषयात, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्समध्ये.

डेटा स्ट्रक्चर्स म्हणजे माहिती कशी मांडून ठेवावी, याचा अभ्यास. मांडणी बदलली की शोधण्याचा वेळ बदलतो, आणि हा फरक किती प्रचंड असतो, हे दहावीच्या निकालाच्या उदाहरणाने सहज दिसते. राज्य मंडळाच्या या परीक्षेला साधारण पंधरा-सोळा लाख विद्यार्थी बसतात. समजा, १६ लाख बैठक क्रमांकांची यादी कशीही पडलेली आहे. त्यातून एक क्रमांक शोधायचा तर पहिल्यापासून एकेक तपासत जावे लागेल आणि सरासरी आठ लाख तुलना कराव्या लागतील. आता तीच यादी क्रमाने लावली आहे असे समजा. बरोबर मधला क्रमांक पाहायचा. हवा असलेला क्रमांक त्याहून लहान असेल तर उजवीकडचे आठ लाख एका फटक्यात सोडून द्यायचे, मोठा असेल तर डावीकडचे. उरलेल्यांत पुन्हा मधला पाहायचा. १६ लाखांचे ८ लाख, मग ४, मग २, मग १ लाख, मग ५० हजार असे करत जास्तीत जास्त २१ तुलनांत शोध संपतो. निकालाच्या दिवशी सेकंदाला एक हजार जणांनी क्रमांक टाकला, तर पहिल्या पद्धतीत दर सेकंदाला सुमारे ८० कोटी तुलना होतील आणि दुसऱ्या पद्धतीत फार तर २१ हजार. यंत्र तेच, भाषा तीच, फक्त मांडणी वेगळी. महागडा सर्व्हर घेऊन हा फरक भरून निघत नाही, आणि म्हणूनच नोकरीच्या मुलाखतीत भाषेपेक्षा डीएसएवर, म्हणजे डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदमवर, इतका भर असतो.

या पद्धतीला बायनरी सर्च म्हणतात. तिचा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा असतो आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी तो पाठ करतो. त्यात एक ओळ अशी असते, की उरलेल्या भागाचे सुरुवातीचे आणि शेवटचे स्थान यांची बेरीज करून तिला दोनने भागायचे, म्हणजे मधले स्थान मिळते. शालेय गणिताच्या दृष्टीने ही ओळ निर्दोष आहे. पण यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असतील आणि शोध तिच्या शेवटच्या टोकाकडे चालला असेल, तर त्या दोन स्थानांची बेरीज वर सांगितलेली मर्यादा ओलांडते, उत्तर ऋण येते आणि प्रोग्राम अस्तित्वातच नसलेल्या जागी पाहायला जातो. हा दोष एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत नव्हता. तो जावा भाषेसोबत येणाऱ्या प्रमाणित लायब्ररीत कित्येक वर्षे होता आणि २००६ साली तो जाहीरपणे मांडला गेला. उपाय अगदी सोपा आहे: शेवटच्या स्थानातून सुरुवातीचे स्थान वजा करायचे, त्या फरकाचे निम्मे करायचे आणि ते सुरुवातीच्या स्थानात मिळवायचे. दोन्ही रीती कागदावर सारख्याच आहेत, यंत्रात मात्र नाहीत. असे का, हे डेटा स्ट्रक्चर्सच्या पुस्तकात शोधून पूर्ण कळत नाही. त्यासाठी ट्रेनर किटवरचा तो हातचा आठवावा लागतो. विषय एकमेकांना जोडलेले आहेत, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

असाच दुसरा सांधा मायक्रोप्रोसेसर आणि डीबीएमएस, म्हणजे डेटाबेस व्यवस्थापन, या दोन विषयांमध्ये आहे, आणि तो दाखवणारे शिक्षक मिळणे हे विद्यार्थ्याचे भाग्यच म्हणावे लागेल. मायक्रोप्रोसेसरच्या विषयात कुठे १९७८ चा ८०८६ तर कुठे १९८५ चा ८०३८६ शिकवला जातो. इतक्या जुन्या चिप कशाला, ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. नव्या चिपची रचना दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलणार नाही इतकी गुंतागुंतीची असते. जुनीत मात्र रजिस्टर, पत्ता, स्टॅक आणि इंटरप्ट हे सगळे एकेक सुटे करून पाहता येते. या विषयातून उचलण्याची मुख्य गोष्ट म्हणजे माहिती प्रोसेसरपासून जितकी दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक. प्रोसेसरलगतच्या कॅशमधून आकडा यायला काही नॅनोसेकंद लागतात, मुख्य मेमरीतून यायला शंभराच्या आसपास नॅनोसेकंद लागतात आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून यायला सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे मेमरीच्या लाखपट वेळ लागू शकतो.

आता निकालाच्या यादीकडे पुन्हा पाहा. १६ लाख नोंदी मेमरीत असतील तर २१ तुलना म्हणजे काहीच नाही. त्या हार्ड डिस्कवर असतील आणि प्रत्येक तुलनेसाठी डिस्कवर जावे लागत असेल, तर २१ खेपांना २१० मिलिसेकंद लागतील आणि हजारो जण रांगेत असताना हा वेळ परवडणारा नाही. म्हणून डेटाबेसमध्ये इंडेक्ससाठी, म्हणजे नोंद कुठे आहे हे सांगणाऱ्या सूचीसाठी, बी-ट्री ही फांद्यांसारखी मांडणी आणि तिचाच प्रकार असलेली बी-प्लस ट्री वापरतात. तिच्या एकेका गाठीत दोन-दोनशे क्रमांक शेजारी शेजारी ठेवले, तर तीन पातळ्यांत २०० गुणिले २०० गुणिले २००, म्हणजे ८० लाख नोंदी मावतात आणि १६ लाखांतला कोणताही क्रमांक तीन खेपांत सापडतो. परीक्षेत बी-ट्रीमध्ये नवी किंमत घालून गाठ कशी फुटते, याची आकृती काढायला सांगतात आणि मुले ती बिनचूक काढतातही. पण ही ट्री अशी बुटकी आणि रुंद का केली, याचे उत्तर तबकडीच्या संथपणात आहे, हे फार थोड्यांना सांगता येते. कारण कळले की आकृती पाठ करावी लागत नाही.

तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग सिस्टिम येते. एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालत असताना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांची वाटणी कशी करायची, हा तिचा विषय आहे. यातली सर्वांत अवघड कल्पना म्हणजे एकाच वेळी घडणाऱ्या घटना, कारण आपण प्रोग्राम वरून खाली वाचतो आणि तो तसाच सलग चालेल असे गृहीत धरतो. एसटीच्या ऑनलाइन आरक्षणात शेवटची एक जागा उरली आहे आणि दोन प्रवाशांनी एकाच क्षणी बटण दाबले, असे समजा. प्रत्येकासाठी प्रोग्राम तीन कामे करतो: शिल्लक जागा वाचतो, ती शून्याहून अधिक आहे का ते पाहतो, आणि असल्यास तिकीट देऊन शिल्लक एकाने कमी करतो. पहिल्या प्रवाशाच्या प्रोग्रामने शिल्लक १ वाचली आणि तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला थांबवून दुसऱ्याला प्रोसेसर दिला. दुसऱ्यानेही १ वाचली, तिकीट दिले, शिल्लक ० केली. मग पहिल्याला पुन्हा प्रोसेसर मिळाला. त्याने वाचलेला १ त्याच्याजवळ आहेच. त्यानेही तिकीट दिले. प्रोग्रामची एकही ओळ चुकलेली नाही, तरी एका जागेची दोन तिकिटे गेली. अशी चूक हजारदा चालवून पाहिली तरी कदाचित दिसत नाही आणि गणपतीच्या गर्दीत नेमकी घडते.

उपाय म्हणजे कुलूप: एकाचे वाचन-तपासणी-लेखन पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला त्या नोंदीला हात लावू द्यायचा नाही. पण कुलपे आली की नवा पेच येतो. परतीच्या प्रवासासह आरक्षण करताना एकाने जाण्याच्या गाडीला कुलूप लावून परतीच्या गाडीची वाट पाहिली आणि दुसऱ्याने परतीच्या गाडीला लावून जाण्याच्या गाडीची, तर दोघेही कायम ताटकळत राहतील. हाच डेडलॉक. कुलपे नेहमी ठरलेल्या एकाच क्रमाने लावायची, असा नियम केला की तो टळतो. हाच प्रश्न डीबीएमएसमध्ये ट्रान्झॅक्शन या नावाने पुन्हा भेटतो आणि विद्यार्थी तो नवा विषय समजून पुन्हा पहिल्यापासून पाठ करतात, याचे वाईट वाटते. एका ठिकाणी नीट समजला तर दुसऱ्या ठिकाणी फक्त नावे बदललेली आहेत, हे लगेच दिसते.

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले टीओसी, हा तिसऱ्या वर्षातला सर्वांत जास्त केटी देणाऱ्या, म्हणजे नापास करणाऱ्या, विषयांपैकी एक समजला जातो. गोल, बाण आणि चिन्हे यांच्या या विषयाचा व्यवहाराशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बैठक क्रमांक एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सहा अंक अशाच स्वरूपात टाकला आहे की नाही, हे तपासायचे असेल, तर एक अक्षर आले की पुढच्या अवस्थेत जायचे, एक अंक आला की त्यापुढच्या अवस्थेत, असे करत शेवटच्या अवस्थेला नेमके पोहोचलो तर क्रमांक योग्य, हे साधे यंत्र पुरते. ते म्हणजेच फायनाइट ऑटोमेटा. पण एखाद्या गणिती राशीतले उघडणारे आणि बंद होणारे कंस जुळतात का, हे या यंत्राला तपासता येत नाही, कारण किती कंस उघडे आहेत हे कितीही मोठ्या संख्येपर्यंत लक्षात ठेवायला त्याच्या मोजक्या अवस्था पुरत नाहीत. त्याला एक स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायची चळत, जोडून द्यावा लागतो. कंपायलर, म्हणजे आपल्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, तो वाचतो तो याच दोन पायऱ्यांनी: पहिल्या यंत्राने शब्द सुटे करतो आणि दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने वाक्यरचना तपासतो. याच विषयाच्या शेवटी अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केलेली गोष्ट येते, की दिलेला कोणताही प्रोग्राम दिलेल्या इनपुटवर कधी तरी थांबेल की अखंड चालत राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिणे मुळातच अशक्य आहे. प्रत्यक्ष संगणक बांधले जाण्याआधी त्यांची मर्यादा सिद्ध झालेली होती, हे वाचताना मला आजही विलक्षण वाटते.

कॉम्प्युटर नेटवर्क्समध्ये माहितीचे साधारण दीड हजार बाइटांपर्यंतचे तुकडे करून ते पाठवणे, वाटेत हरवलेले तुकडे पुन्हा मागवणे आणि पत्त्यावरून वाट काढणे हे शिकवले जाते. या विषयात थरांची कल्पना उघडपणे मांडलेली असल्याने तो तुलनेने सोपा जातो. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग मात्र पुस्तकातून शिकण्याजोगे फार थोडे आहे. ते चौघांनी मिळून एखादा प्रकल्प केल्यावरच उमगते.

शेवटच्या वर्षी मशीन लर्निंग, डीप लर्निंग, ब्लॉकचेन, हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग अशी आकर्षक नावे येतात. यांतला शेवटचा विषय पुण्याशी जवळचा आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत १९९१ साली तयार झालेला परम ८००० हा महासंगणक अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून, काम त्यांच्यात वाटून देण्याच्या तत्त्वावर चालत होता. अशा वाटणीची मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या नियमातून कळते. एखाद्या कामाचा ९५ टक्के भाग वाटता येतो आणि ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागतो असे धरले, तर कितीही हजार प्रोसेसर लावले तरी ते काम वीसपटीहून अधिक वेगाने होणार नाही, कारण तो ५ टक्के वेळ तसाच राहतो. प्रोसेसर वाढवण्याआधी प्रोग्राममधला तो न वाटता येणारा भाग कमी करावा, हे या एका हिशेबातून आपोआप निघते.

आता हे सगळे शिकण्याच्या पद्धतीविषयी. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात बहुतेक विषयांना सेमिस्टरच्या मध्ये ३० आणि शेवटी ७० गुणांची परीक्षा होती, त्याखेरीज टर्म वर्क, प्रात्यक्षिक आणि ओरल. व्यवहारात सेमिस्टरच्या शेवटच्या पंधरवड्यात सबमिशनची धांदल उडते, एकाचे जर्नल दहा जण उतरवून काढतात आणि असाइनमेंटचे प्रोग्राम फिरत राहतात. त्यात आता सांगितलेला प्रोग्राम क्षणात लिहून देणारी एआय साधने आली आहेत. या साधनांवर बंदी घालावी असे मला वाटत नाही. नोकरीत ती वापरावीच लागणार आहेत. पण दुसऱ्या वर्षाच्या लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम स्वतः लिहून, पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकून, प्रोग्राम मध्येच कोसळून, कागदावर चौकटी आणि बाण काढून ती चूक शोधण्यात जी संध्याकाळ जाते, तिच्याशिवाय मेमरीचे चित्र डोक्यात तयार होत नाही. ते चित्र नसलेल्या माणसाला साधनाने दिलेल्या दहा ओळींत बायनरी सर्चसारखा दोष लपला असेल, तर तो दिसणार नाही. म्हणून दुसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत असाइनमेंट हातानेच लिहावी, आणि त्यानंतर हवे ते साधन वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दोन गटांना सुरुवातीला जास्त जड जाते आणि त्यांच्याविषयी वेगळे बोलायला हवे. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सेमिस्टर पुस्तकाच्या इंग्रजीने दमवते. तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. पण बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजी पुस्तकेच वाचणार आहेत. त्यांनी कल्पना आपसांत मराठीत बोलून पक्की करावी आणि संज्ञा इंग्रजीच ठेवाव्यात, म्हणजे पेपर लिहिताना अडत नाही. दुसरा गट पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांचा. त्यांचा प्रात्यक्षिकात हात बसलेला असतो, मात्र पहिल्या वर्षाचे गणित वगळले गेल्याने एम-थ्रीमध्ये ते अडखळतात. प्रवेश निश्चित झाल्यावर वर्ग सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत एम-वन आणि एम-टूचे मॅट्रिक्स, विकलन आणि संकलन एवढे तरी त्यांनी उरकून घ्यावे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना नाव जितके भारदस्त तितके गुण जास्त, असा समज असतो. ओरलला आलेले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, मात्र बहुधा साधेच प्रश्न विचारतात: इंडेक्स कोणत्या कॉलमवर ठेवला आणि का, दोघांनी एकाच वेळी अर्ज भरला तर काय होईल, मॉडेल ज्या माहितीवर शिकवले त्याच माहितीवर तपासले नाही ना. आपल्या गावच्या सहकारी पतसंस्थेची किंवा दूध संकलन केंद्राची खरी गरज भागवणारा लहान प्रकल्प स्वतः केला असेल, तर ही उत्तरे सहज देता येतात. विकत घेतलेल्या मोठ्या प्रकल्पाच्या बाबतीत ती देता येत नाहीत.

पदवीनंतर बरेच जण कॅम्पस प्लेसमेंटकडे वळतात. तिथे आधी अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची चाचणी होते आणि मुलाखतीत डीएसए, ओएस, डीबीएमएस आणि नेटवर्क यांवरच प्रश्न येतात. आयआयटीत एम.टेक. करायचे असेल किंवा सार्वजनिक क्षेत्रातल्या काही कंपन्यांत जायचे असेल, तर गेट ही परीक्षा द्यावी लागते. तिच्या १०० गुणांपैकी १५ गुण सामान्य कल चाचणीला, १३ च्या आसपास गणिताला आणि उरलेले संगणक शाखेच्या विषयांना असतात. हे विषय म्हणजे डिजिटल लॉजिक, संगणकाची अंतर्गत रचना, डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, टीओसी, कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क. यातले जवळपास सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातच शिकवून झालेले असते, त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत तयारीला बसणाऱ्याला क्लासच्या नोट्सआधी स्वतःच्या त्या दोन वर्षांच्या वह्याच उघडाव्या लागतात.